आतड्याचा आजार आणि लशीचं हरवलेलं कार्ड

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

मेट्रोत असाल, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, नाहीतर घरी भांडी घासत ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय पोटाचा आहे. जेवत असाल तर आधी जेवून घ्या, मग ऐका.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, खराडीत एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. पण गेली चार वर्षं मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, आणि त्यातली एक चूक मला इतकी महागात पडली की ती तुमच्यापैकी कुणाची होऊ नये म्हणून हा एपिसोड. आज जे ऐकाल ते घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. माझ्या भरवशावर कुठलंही औषध किंवा लस सुरू करू नका, बंदही करू नका.

आजार काय आहे?

थोडक्यात सांगते. इन्फ्लमेटरी बाॅवेल डिसीज, म्हणजे आयबीडी. यात मुख्य दोन आजार. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतं. आपली प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. तिखट खाल्ल्याने होत नाही, टेन्शन घेतल्याने होत नाही, आणि आयबीएस वेगळं, हे वेगळं.

माझं सुरुवातीचे पाच महिने मूळव्याध समजून चाललं होतं. शौचाला रक्त, दिवसात दहा-बारा वेळा जाणं, आणि ऑफिसमध्ये कुणाला सांगायची लाज. चूर्णं झाली, मलमं झाली. शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि नाव कळलं. मग प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, ४० मिलिग्रॅमने सुरू. ते हळूहळू कमी करत अझाथायोप्रिन. ही दोन्ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. दाबायलाच हवी, कारण तीच आतडं जाळत असते. मला फरक पडला. केस थोडे गेले, पण रक्त थांबलं. मी खूश.

या सगळ्यात मला एक प्रश्न कुणी विचारला नाही. आणि मलाही तो सुचला नाही.

होळीची गोष्ट

दोन वर्षं छान गेली. मग होळीला मी दादाकडे गेले. माझा भाचा तेव्हा पाच वर्षांचा. दिवसभर मांडीवर, गळ्यात, माझ्याच ताटात जेवला. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन, "अगं, ह्याच्या अंगावर फोड आलेत. कांजण्या आहेत म्हणे." मी म्हटलं, "अरे बापरे, त्याला खाजवू देऊ नका." आणि फोन ठेवून स्टँडअप कॉलला बसले.

मंडळी, माझी चूक इथे झाली. कांजण्या अंगावर दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. म्हणजे तो माझ्या ताटात जेवत होता तेव्हाच मला मिळून गेल्या होत्या. मी त्याच दिवशी माझ्या डॉक्टरांना फोन करायला हवा होता. कारण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाचा असा संपर्क आला, तर पहिल्या काही दिवसांत देता येणारे उपाय असतात. तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन किंवा विषाणूविरोधी गोळ्या. ती वेळ टळली की टळली.

दोन आठवड्यांनी ताप आला. मग पाठीवर फोड, मग चेहऱ्यावर, तोंडात, डोक्यात. आईने गावाकडून फोनवर सांगितलं, कडुलिंबाचा पाला अंथरुणावर टाक. मी टाकला पण. तिसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागली. दवाखान्यात गेले तर छातीच्या एक्स-रेमध्ये डाग. कांजण्यांचा न्युमोनिया. आठ दिवस ॲडमिट, शिरेतून ॲसायक्लोव्हिर. अझाथायोप्रिन थांबवावं लागलं. ते थांबलं म्हणून महिन्याभरात कोलायटिस उलटला. पुन्हा स्टेरॉइड, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

ॲडमिट असताना एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "लहानपणी कांजण्या येऊन गेल्यात का? लस घेतली होती का?" मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "दादाला आल्या होत्या. तुला नाही आल्या गं. लस तेव्हा कुठे होती आपल्याकडे?"

हाच तो प्रश्न. दोन वर्षं आधी, अझाथायोप्रिन लिहून देताना विचारला असता, तर एका साध्या रक्ततपासणीने कळलं असतं.

मग लस का नाही घेतली?

आता तुम्ही म्हणाल, मग बरी झाल्यावर घ्यायची लस. एवढं काय? इथे खरी गोम आहे.

लशी ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक, जिवंत पण अशक्त केलेल्या जंतूची. दुसरी, मेलेल्या जंतूची किंवा जंतूच्या एखाद्या तुकड्याची. जिवंत लस निरोगी माणसाला उत्तम. पण प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर तो अशक्त जंतूसुद्धा शरीरात फोफावू शकतो. म्हणून स्टेरॉइडचा मोठा डोस, अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब-अडालिमुमॅबसारखी बायोलॉजिक्स, टोफासिटिनिब, यांपैकी काही चालू असताना जिवंत लशी सहसा देत नाहीत. स्टेरॉइडचा मोठा डोस म्हणजे किती? साधारण रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन, दोन आठवडे किंवा जास्त.

जिवंत लशी कोणत्या? कांजण्यांची. गोवर-गालगुंड-रुबेलाची, म्हणजे एमएमआर. बीसीजी. यलो फीव्हरची. नाकात फवारायची फ्लूची. टायफॉईडची तोंडाने घ्यायची. आणि आपल्याकडची खास गंमत, हिपॅटायटिस ए ची लस भारतात दोन्ही प्रकारची मिळते, जिवंतही आणि मेलेलीही. त्यामुळे फक्त "हिपॅटायटिस ए द्या" म्हणू नका. "मी ही ही औषधं घेते, मला जिवंत नसलेली द्या" असं म्हणा.

जिवंत लस द्यायचीच असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू व्हायच्या किमान चार आठवडे आधी. औषध बंद करून द्यायची म्हटली तर बायोलॉजिक्सनंतर तीन महिने तरी थांबावं लागतं. आणि कोलायटिस उलटत असताना तीन महिने बिनऔषधाचं कोण बसणार? म्हणजे दार उघडं असतं ते निदान झाल्यापासून औषध सुरू होईपर्यंत. आमच्या भाषेत, ही टेस्ट डिप्लॉय करायच्या आधीच चालवायची असते.

पण हेही लक्षात घ्या. आजार जोरात असेल तर लशीसाठी औषध लांबवू नका. आतडं वाट बघत नाही. मला तरी स्टेरॉइड लगेच लागलंच असतं. पण अझाथायोप्रिन काही महिन्यांनी सुरू झालं. निदान तपासणी तरी झाली असती, मला संरक्षण नाही हे माहीत असतं, आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलवर बसले नसते.

आपल्या पिढीचं कार्ड

मी ९७ सालची. माझं लसीकरणाचं कार्ड दोन घरं बदलताना हरवलं. आणि सापडलं असतं तरी त्यात काय असतं? आपण लहान होतो तेव्हा सरकारी कार्यक्रमात गोवराची लस होती, रुबेलाची नव्हती. गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात २०१८ च्या शेवटी आली. हिपॅटायटिस बी ची लस देशभर सरकारी कार्यक्रमात २०११ च्या सुमारास पोचली. कांजण्यांची तर अजूनही त्यात नाही, ती खासगी बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन घ्यायची. म्हणजे आज पंचविशी-तिशीत असलेल्या कितीतरी जणांना वाटतं "लहानपणी सगळ्या झाल्यात", आणि त्या झालेल्या नसतात.

शिवाय सरकारी लसीकरण मुख्यतः मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी. मोठ्या माणसाच्या लशी कुणाच्याच यादीत नसतात. पोटाच्या डॉक्टरांना वाटतं फॅमिली डॉक्टर बघतील. फॅमिली डॉक्टरांना वाटतं, एवढी मोठी औषधं चालू आहेत, आपण कशाला हात लावा. आणि आपल्याला वाटतं, लस म्हणजे लहान बाळांची.

आणि हे कुठे? पुण्यात! १९६६ पासून हडपसरला सिरम इन्स्टिट्यूट आहे, डोसच्या संख्येने जगातली सगळ्यात मोठी लस बनवणारी कंपनी. पाषाणला आणि कॅम्पात एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था. १२ जानेवारी २०२१ ला कोव्हिशील्डचे ट्रक इथून निघाले तेव्हा आपण सगळे टीव्हीसमोर होतो. २००९ चा ऑगस्ट आठवतो? स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. मी शाळेत होते, शाळा बंद, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. साथ काय असते हे या शहराला शिकवावं लागत नाही. तरी माझ्यासारखीला खराडीत बसून, हडपसरपासून इतक्या जवळ, एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही.

मग आता काय काय करायचं?

दुसऱ्यांदा कोलायटिस उलटला तेव्हा बायोलॉजिकचा विषय निघाला. या वेळी मी एक शीट केली. लस किंवा तपासणीचं नाव, कधी झाली, रिपोर्ट काय, पुढची कधी. ती उघडूनच सांगते.

पहिली ओळ टीबी. जगातले सगळ्यात जास्त टीबीचे रुग्ण भारतात. आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात तो जंतू झोपलेला असतो. इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं त्याला जागं करू शकतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, मॅन्टू किंवा इग्रा नावाची रक्ततपासणी. झोपलेला टीबी सापडला तर प्रतिबंधक गोळ्या आधी सुरू करतात, साधारण महिनाभर तरी झाला की मग बायोलॉजिक. लहानपणी बीसीजी घेतली म्हणून आपण सुटलो असं नाही. आणि क्रोन्सवाल्यांना माहीतच असेल, आतड्याचा टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की मुळात निदानातच डॉक्टरांची कसोटी लागते.

दुसरी ओळ हिपॅटायटिस बी. आधी तपासणी, कारण जुना दबलेला संसर्ग औषधांनी उसळू शकतो. संसर्ग नाही आणि संरक्षणही नाही, तर लस. तीन डोस, ०, १ आणि ६ महिने. ही जिवंत नाही, औषधं चालू असतानाही घेता येते. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी मोजायची, १० च्या वर हवी. माझी आली ४. औषधांमुळे असं होतं. डॉक्टरांनी पुन्हा कोर्स दिला, या वेळी दुप्पट डोसने, आणि मग आली. मोजलं नसतं तर मी "घेतलीये की" म्हणत बसले असते.

तिसरी, फ्लू. दर वर्षी, इंजेक्शनचीच, नाकातली नाही. पुण्यात पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये घेऊन टाकते. गणपतीत गर्दीत जाणार असाल तर आधीच घ्या.

चौथी, न्युमोकोकल, म्हणजे न्युमोनियाच्या एका मुख्य जिवाणूची. कुठली, किती डोस, हे डॉक्टर ठरवतील. वयाची अट बघून मेडिकलवाला म्हणेल, "ताई, ही तर म्हाताऱ्यांची." त्याला सांगा, प्रतिकारशक्ती दाबलेल्या तरुणांनाही लागते.

पाचवी, नागीण. लहानपणी कांजण्या आल्या की तो विषाणू मज्जातंतूंमध्ये लपून बसतो आणि नंतर नागीण होऊन बाहेर येतो. दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो वगैरे काही नसतं. पण वेदना भयंकर असतात, आणि आपल्या औषधांनी, विशेषतः टोफासिटिनिबसारख्या गोळ्यांनी, शक्यता वाढते. आधीची एक लस जिवंत होती. २०२३ पासून भारतात जिवंत नसलेली मिळते. महाग आहे. तुमचं वय आणि औषध बघून डॉक्टरांशी बोला.

सहावी, एचपीव्ही. मुलींनो, हे नीट ऐका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हा विषाणू असतो, आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असली की शरीराला तो घालवायला जड जातं. सिरमची सर्व्हावॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. जिवंत नाही. आणि लस घेतली तरी पॅप स्मिअर किंवा एचपीव्हीची तपासणी नियमित करायची, स्त्रीरोगतज्ज्ञांना औषधांची नावं सांगून. "लग्न झालंय का?" हा प्रश्न येईल. तयारीत जा.

आणि रोजच्या जगण्यातलं एक. कुत्रं चावलं, ओरखडलं, तर रेबीजची लस लगेच. ती पूर्ण सुरक्षित आहे. पण तिथे आवर्जून सांगा की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, कारण आपल्याला छोट्या जखमेलाही लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन लागू शकतं. आणि कंपनी ऑनसाइटला आफ्रिकेत पाठवत असेल तर व्हिसाच्या आधी डॉक्टरांकडे जा, कारण यलो फीव्हरची लस जिवंत आहे.

लशीने आजार उलटतो का? सगळ्यांचा हा प्रश्न असतो. जिवंत नसलेल्या लशींनी आयबीडी उलटतो असं दिसलेलं नाही. हात दुखतो, कणकण येते. एवढंच.

लशीपलीकडचं

दोन मिनिटं बाकीच्या गोष्टी. अझाथायोप्रिनवर असाल तर सुरुवातीला रक्ततपासणी वरचेवर हवी. आपल्याकडे काही जणांच्या जनुकात असा फरक असतो की पांढऱ्या पेशी धपकन खाली येतात. केस झपाट्याने जायला लागले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. स्टेरॉइड बरेच महिने झालं असेल तर हाडांची तपासणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम विचारा. मोठ्या आतड्याचा आजार असेल तर सुरुवात झाल्यापासून आठ वर्षांनी कॅन्सरसाठी कोलोनोस्कोपी सुरू होते, बरं वाटत असलं तरी. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयब्रुफेनच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. क्रोन्स असेल तर सिगरेट सोडाच.

आणि पाणी. जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, दूषित पाण्याची चर्चा झाली, काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला. तेव्हा मला जुलाब सुरू झाले. पहिला विचार, कोलायटिस उलटला, स्टेरॉइड घेऊया. घरी होतंच. डॉक्टर म्हणाल्या, आधी स्टूल टेस्ट. संसर्ग निघाला. वरून स्टेरॉइड ठोकलं असतं तर काय झालं असतं, विचार करवत नाही. पाणी उकळून प्या, चिकन नीट शिजवा, आणि जुलाब झाले की आधी तपासणी.

घरातल्यांसाठी, आणि बाळासाठी

मला एमएमआर घेता येत नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा मी फार घाबरले होते. माझं संरक्षण म्हणजे माझ्या आजूबाजूचे लोक. वहिनीने भाच्याचे राहिलेले सगळे डोस पूर्ण केले, दादाने फ्लूची घेतली. घरातल्यांनी एमएमआर, कांजण्यांची लस घ्यायला हरकत नसते. कांजण्यांच्या लशीनंतर पुरळ आलं तर तेवढे दिवस लांब राहायचं. बाळाला रोटाव्हायरसचे थेंब दिले असतील तर लंगोट दुसऱ्या कुणी बदलावा, नाहीतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

आता शेवटचं, आणि माझ्या मते आज सगळ्यात महत्त्वाचं. गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅबसारखं औषध चालू असेल तर ते वारेतून बाळात जातं आणि जन्मानंतर काही महिने राहतं. औषध स्वतःहून बंद करायचं नाही, आजार उलटणं आई आणि बाळ दोघांनाही वाईट. पण आपल्याकडे बीसीजी कधी देतात? जन्मल्याबरोबर, डिस्चार्जच्या आधी, न विचारता. आणि बीसीजी जिवंत आहे. अशा आईच्या बाळाला बीसीजी दिल्यावर ती अंगभर पसरून बाळ दगावल्याची नोंद ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये केली. म्हणून अशा बाळाच्या जिवंत लशी किमान सहा महिने लांबवायला सांगतात. हिपॅटायटिस बी सारख्या बाकीच्या वेळेवरच द्यायच्या. हे बाळंतपणाच्या आधी फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, आणि नवऱ्याला, आईला, सासूबाईंना सांगून ठेवा. कारण त्या दिवशी तुम्ही बोलायच्या अवस्थेत असालच असं नाही.

बरं, खूप झालं. आज रात्री एकच काम करा. आईला फोन करा. विचारा, "मला कांजण्या आल्या होत्या का? गोवर आला होता का? माझं लशीचं कार्ड कुठे आहे?" उत्तर मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर उघडा. तुम्हाला आयबीडी नसेल, पण संधिवात, सोरायसिस, किडनीचा आजार असलेलं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांनाही हा एपिसोड पाठवा. त्यांच्यातल्या अनेकांची औषधं याच घराण्यातली असतात.

माझा भाचा आता सात वर्षांचा झालाय. परवा विचारत होता, "आत्या, तुझ्या कपाळावर हा खड्डा कसला?" मी म्हटलं, "तुझीच कृपा." तो हसला, मीही हसले.

प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात पोटाच्या डॉक्टरांना बोलावतेय, त्यांनाच विचारू. काळजी घ्या. भेटूया.